विमान वाटेत, मोठी माय खाटेवर

अक्काला अमेरिकेचं स्थळ आलं तेव्हा घरात ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे प्रश्न विचारले. आईने विचारलं, तिकडे ज्वारी मिळते का. आत्याने विचारलं, मुलगा तिकडे जाऊन बाटला तर नाही ना. नानांनी मात्र एकच प्रश्न विचारला : किती किलोमीटर? नाना धुळ्याच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. ज्या गावाला किलोमीटर नाहीत ते गाव त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसे. मुलाचे वडील, सुकदेव आबा, पाचोऱ्याकडचे शेतकरी माणूस. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की बुवा ते काही आम्ही विचारलं नाही. मग नानांनी देवपुरातल्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना गाठलं आणि मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्को साधारण साडेतेरा हजार किलोमीटर, हा आकडा घेऊन घरी आले. विमानाचा वेग त्यांनी आधीच विचारून ठेवला होता. चपला न काढता ओट्यावर बसून त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला, त्यात दोन ठिकाणचे थांबे मिळवले आणि आईला हाक मारली. "एक दिवस आणि एक रात्र," ते म्हणाले. "नागपूरला जाऊन यायला एवढाच वेळ लागतो. द्यायला हरकत नाही." अक्काच्या लग्नाला आमच्या घरातून होकार गेला तो असा, भागाकार करून.

आमचं घर पांझरा नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्यांना माहीत होतं, कारण त्या गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे होता. नानांना ड्यूटीसाठी तो घ्यावा लागला होता. पुढच्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्यात, आईने विणलेल्या जाळीदार रुमालाखाली तो काळा ठोकळा बसलेला असे आणि वाजला की मागच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा उठत. घरातला सगळा कारभार नाना स्टँडसारखा चालवत. जेवणाला उशीर झाला की "अजून लागली नाही का?" असं विचारत, पाहुणे उठेनात की "तुमची पावणेसहाची सुटेल बरं" अशी आठवण करून देत. आई त्यांची टर उडवायची, आम्ही तर उडवायचोच. पण खरं सांगायचं तर नानांची वेळ कधी चुकली नव्हती. अमुक गाडी पुलावरून अमुक वाजता दिसेल म्हणाले की ती दिसायची. त्यामुळे गल्लीतली माणसं परगावी जाताना आधी आमच्या ओट्यावर येत आणि मग स्टँडवर जात. आता माझा मुलगा मोबाइलवर कुठलीही दोन विमानतळं टाकतो आणि अंतर किती, वेळ किती, सगळं क्षणात समोर येतं. मी चष्मा पुसून ते आकडे बघते आणि दर वेळी मला त्या मे महिन्यातला आमचा ओटा आठवतो.

लग्न मंगळवारचं ठरलं होतं. हेमंतला, म्हणजे नवरदेवाला, दहा दिवसांची रजा होती आणि त्यानंतर पुढची कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. तो शनिवारी सकाळी तिकडून निघणार होता. मांडव पडला होता, केळीचे खांब जळगावहून आले होते, अंगणात बायका बिबडे आणि कुरडया तळायला काढत होत्या. शनिवारी दिवेलागणीला सुकदेव आबा अचानक दारात उभे राहिले. उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, ती तशीच धरून ते म्हणाले, "नाना, मोठी मायनी अन्न सोडं. डाक्टर म्हने, दोन दिस. फार तं फार तीन."

मोठी माय म्हणजे आबांची चुलती. आबा पाळण्यात असताना त्यांची आई गेली होती. मोठी मायच्या मांडीवर तेव्हा स्वतःचं तान्हं होतं. तिने एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला हे असं करून आबांना वाढवलं होतं. हेमंतही तिच्याच अंगाखांद्यावर मोठा झालेला. ती आता गावाकडे खाटेवर पडून होती आणि तिच्याजवळ एक सून ठेवून बाकी घर लग्नाच्या मागे लागलं होतं. ती मंगळवारच्या आत गेली तर सगळ्या भाऊबंदांना सुतक पडणार, दहा दिवस लग्न नाही, आणि दहा दिवसांनी हेमंतचं विमान परत. आबांना हे तोंडाने म्हणवत नव्हतं. जिच्या दुधावर वाढलो तिच्या मरणाची तारीख काढायला आलोय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. शेवटी आत्याच मध्ये पडून म्हणाली, "मंग लगीन आलीकडे ल्या ना." गुरुजींना बोलावणं गेलं. पंचांग उघडलं गेलं. रविवारी संध्याकाळचा गोरज मुहूर्त निघाला.

"पण नवरदेव?" गुरुजींनी विचारलं.

नाना ताठ बसले. "शनिवारी सकाळी तिथून सुटला. एक दिवस, एक रात्र. रविवारी सकाळी मुंबईला लागला. तिथून जीपने दुपारपर्यंत धुळे. गोरजला पाटावर." आणि मग आबांकडे वळून त्यांच्याच बोलीत म्हणाले, "आबा, फिकीर करू नका. मी हिशोब करेल शे."

हेमंतला फोन लावला, तो कोणी उचलला नाही. नाना म्हणाले, कसा उचलेल, तो वाटेत आहे. आणि कोणालाही, अगदी भूगोलात पहिल्या येणाऱ्या मलासुद्धा, काही वावगं वाटलं नाही. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र असते हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण शाळेत शिकलेलं शाळेतच ठेवून घरी यायची आपल्याकडे रीत आहे. नानांच्या उभ्या नोकरीत गाडी कुठूनही सुटो आणि कुठेही लागो, दोन्ही स्टँडांवर घड्याळात एकच वाजलेले असायचे. तिकडची सकाळ म्हणजे आपली सकाळ नव्हे, हे त्यांच्या हिशोबात येणार कुठून? रातोरात गावोगाव निरोप गेले. हेमंतचे यशवंत मामा जीप घेऊन मुंबईला निघाले. वऱ्हाड रविवारी सकाळीच देवपुरातल्या शाळेत उतरलं.

त्याच सकाळी गुरुजींनी ती गोष्ट सांगितली जी मी जन्मभर विसरले नाही. आबांनी विचारलं होतं की मुहूर्ताच्या आत काही बरंवाईट झालं तर? गुरुजी म्हणाले, "देवक बसलेलं असतं तर प्रश्न नव्हता. पण नवरदेवाशिवाय देवक बसवायचं कसं? तेव्हा एकच. सुतक कानावाटे येतं. ऐकलं की लागलं. ऐकलं नाही तोवर लागत नाही." ओट्यावरच्या सगळ्यांच्या नजरा एकेक करून कोनाड्यातल्या फोनकडे गेल्या. मोठी मायची खबर आली तर त्याच फोनवर येणार होती. आणि नवरदेवाची खबर आली तर तीही त्याच फोनवर. उचलावा तर लग्न मोडायची भीती, न उचलावा तर नवरदेव कुठे आहे ते कळणार नाही.

"छाया उचलेल," नाना म्हणाले. मी सोळावं संपवून सतराव्यात होते. "ती आपल्या घरची. तिला त्यांचं सुतक नाही. दुसऱ्या कोणी फोनला हात लावायचा नाही. आणि छाया, तिकडची काही खबर आली तर ती तुझ्यापाशी ठेवायची. मलाही सांगायची नाही. मी यांच्यात उठणार-बसणार, माझं तोंड मला माहीत आहे." मी मान हलवली. त्या वेळी मला अभिमानच वाटला होता. घरातल्या लग्नात धाकट्या बहिणीला काम काय असतं, तर अक्षता वाटायच्या आणि करवलीचा कळस धरायचा. मला एकदम खुर्ची मिळाली, कोनाड्याच्या शेजारी.

पहिली घंटा वाजली तेव्हा आचारी चुलाण्यावर तूप कढवत होता. वऱ्हाडाला दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती आणि बट्ट्या तुपात सोडल्याचा चर्र आवाज घरभर येत होता. मी एक कान बोटाने बंद करून फोन उचलला. यशवंत मामा मुंबईहून बोलत होते. "छाया, बठ्ठा उतरनात. आपला पोऱ्या नही शे."

नाना दारातच उभे होते. मी सांगितलं तसं त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं बघितलं. "उशीर असेल," ते म्हणाले. "हवेत काही अडलं असेल." तासाभराने मामांचा परत फोन आला : अजून एक विमान उतरलं, त्यातही नाही. मग दुपार झाली. मांडवातली कुजबुज हळूहळू घरात आली. बायकांच्या पंगतीत कोणी म्हणालं, तिकडे एखादी गोरी केली असेल. कोणी म्हणालं, विमानं पडतात, पेपरात येतं. आई भाजी वाढता वाढता मध्येच थांबायची आणि पळी हातात धरून उभी राहायची. आतल्या खोलीत अक्का हळद लावून बसली होती. हळद वाळून तिच्या हातांवर भेगा पडल्या होत्या. ती माझी वाटच बघत होती. "छाया," ती हळूच म्हणाली, "तो पळाला असेल तर सगळ्यांसमोर सांग, मला काही वाटणार नाही. पण विमानाचं काही झालं असेल तर आधी मला सांग." मी हो म्हणाले आणि परत येऊन खुर्चीवर बसले. माझ्या आयुष्यात नंतर पुष्कळ वाईट फोन आले, पण त्या दुपारी न वाजणाऱ्या फोनशेजारी मी जशी बसले होते, तशी पुन्हा कधी बसले नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा मामांचा तिसरा फोन आला. या वेळी त्यांच्या आवाजात हसू आणि संताप दोन्ही होतं. विमानतळावर खिडकीतल्या बाईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं. तिथे सकाळ होती तेव्हा आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ होऊन गेली होती. हेमंतचं विमान वेळेवर सुटलं होतं, वेळेवर उडत होतं आणि आज दिवेलागणी उलटून गेल्यावर मुंबईला उतरणार होतं. मी हे एका दमात मांडवात ओरडून सांगितलं. आधी सगळे हसले. कोणी "रामराम" म्हणत कपाळाला हात लावला. सुकदेव आबांनी डोळे मिटून घेतले. मग एकेकाची नजर नानांकडे वळली. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. "वेळ बरोबर होता," ते म्हणाले, कोणाला उद्देशून नाही. "एक दिवस, एक रात्र. वेळ बरोबर होता." आणि ते घरात येऊन, फोनकडे न बघता, माझ्यासमोरून आत गेले. मला त्यांची इतकी दया आली की मी रडायलाच लागले. एवढं अंतर आपल्या लेकीला झेपेल असं ज्या हिशोबावर ते धरून चालले होते, तोच हिशोब त्यांच्या हातातून निसटला होता. त्या घटकेला त्यांना पहिल्यांदा कळलं असावं की आपण अक्काला किती लांब देतोय.

गोरज मुहूर्त तर गेला. गुरुजींनी पंचांग पुन्हा उघडलं. नड असली की पंचांगातही वाट सापडते. सोमवारी सकाळचा एक मुहूर्त त्यांनी काढून दिला. हेमंत पहाटेपर्यंत पोहोचणार, आंघोळ करून देवक बसवून पाटावर उभा राहणार. म्हणजे आता मोठी मायने एक रात्र काढायची होती. आबांच्या घरच्या बायका मनातल्या मनात काय नवस बोलत होत्या कोण जाणे. एका म्हातारीने आणखी एक रात्र जगावं म्हणून सत्तर-ऐंशी माणसं श्वास रोखून बसली होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना ती जगते का यापेक्षा लग्न लागतं का याचीच जास्त चिंता होती. मीही त्यांतलीच होते, कारण अक्का माझी होती.

सूर्य नुकताच मावळला होता. मांडवात दिवे लावायची गडबड चालली होती, लाइटवाला शिडीवर होता. फोन वाजला. मी उचलला तर पलीकडे नुसतं हुंदक्यांनी भरलेलं बाईमाणूस. मग शब्द आले. "मोठी माय गयी व बाई. आते, इतल्यात."

ती मोठी मायजवळ ठेवलेली सून होती, आबांच्या चुलतभावाची बायको. तिच्यामागे कोणी तरी म्हातारी मोठमोठ्याने रडत होती. मी फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. माझ्यामागे खोलीत वऱ्हाडातली दोघं-तिघं पाणी प्यायला आली होती. मी काही बोलू शकत नव्हते. "हं," एवढंच म्हणाले. पलीकडून ती विचारत होती, "आबाले सांगशी ना? किती येळ ठेवानं? उन्हाया शे, बाई. माले काय समजत नही." तिच्या घरात पुरुष माणूस नव्हता. सगळे पुरुष आमच्या मांडवात होते. तिला कोणी तरी सांगायला हवं होतं आणि ते कोणी तरी म्हणजे मी होते. मी भिंतीकडे तोंड केलं. नानांसारखा मनातल्या मनात हिशोब केला : सकाळचा मुहूर्त, त्यात पंगत धरली नाही, फक्त अक्षता धरल्या, आणि मग त्यांच्या गावापर्यंतचा रस्ता. "उद्या दुपारपर्यंत," मी हळूच म्हणाले. "पाचोऱ्याहून बर्फ मागवा. आणि दुसरीकडे कुठे फोन करू नका." ती "बरं" म्हणाली. माझ्याहून दुप्पट वयाची बाई माझ्या शब्दाला "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पाणी पिणाऱ्यांतल्या एकाने विचारलं, "कोण व्हतं?" मी म्हणाले, "हलवाई." मी उठून थेट आत गेले. अक्का एकटी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. "विमान?" मी मान नाही अशी हलवली. तिला कळलं. तिने दार लोटलं. मला वाटलं होतं ती मला धरेल, बरं झालं गप्प राहिलीस म्हणेल. ती म्हणाली, "आबांना सांग."

"अक्का, लग्न—"

"राहू दे लग्न. तिने त्यांना पाजलंय छाया. ते इथे बट्ट्या खात बसलेत आणि ती तिकडे जमिनीवर काढून ठेवलेली. हे असं करून मी त्या घरात जाऊ? रोज त्यांच्यापुढे ताट ठेवताना मला काय वाटेल?"

"रजा संपेल. पुन्हा कधी येईल तो? वर्षाने? दोन वर्षांनी? नाना हो म्हणतील तेव्हा?"

"नाही म्हणाले तर नाही," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते पण आवाज हलला नाही. "जा. सांग."

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने सांगितलेलं मी कधी मोडलं नव्हतं. मी पुढच्या खोलीत आले ती सांगायचंच असं ठरवून. आणि समोर सुकदेव आबा उंबऱ्यात उभे. त्यांच्यामागे मांडवातले दिवे एकदम लागले, म्हणून त्यांचं तोंड मला नीट दिसेना, पण माझं तोंड त्यांना लख्ख दिसत होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"पोरी, फोन उना का?"

"हो, आबा."

"मामाना का?"

मी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर होता. आबांनी एकदम हात वर केला, तळवा माझ्या तोंडासमोर, जसा आपण अंगावर येणाऱ्या जनावराला थांबवायला धरतो. "सांगू नको," ते म्हणाले. "नको बेटा. तू काही सांगं नही. मी काही आयकं नही."

मग ते कोनाड्याखाली, जमिनीवरच, मटकन बसले. मी पाणी आणलं. तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरला पण प्यायले नाहीत. बाहेर लाइटवाल्याला कोणी तरी शिव्या घालत होतं, पोरं दिव्यांखाली नाचत होती. आबा तांब्यातल्या पाण्याकडे बघत बोलायला लागले. लहानपणी त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला होता. गावातल्या न्हाव्याने चिमट्याने ओढून बघितलं, निघाला नाही. मोठी मायने त्यांना मांडीवर आडवं घेतलं आणि दातांनी काटा काढला. "शेणमातीना पाय व्हता," ते म्हणाले. "दातघाई काढा तिनी. थुकी टाका, आन म्हने, आते पय." आता पळ, इतकं सांगून ते थांबले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मीही रडत होते. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून रडत होतो आणि कशासाठी रडतोय ते आमच्यापैकी कोणी बोललं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी तांब्यातल्या पाण्याने तोंड धुतलं, टोपी घातली, आणि उठले.

"किती येळ शे?" त्यांनी दाराशी थांबून विचारलं. मला कळलं त्यांना काय विचारायचंय.

"उद्या दुपारपर्यंत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि ते पंगतीत गेले. जेवले नसते तर भाऊबंदांना समजलं असतं. त्यांच्या पानात मीच वाढलं. बट्टी कुस्करून त्यांनी वरणात कालवली आणि घास घास करून पान साफ केलं. नाना आग्रह करायला आले तेव्हा अर्धी वाटी बुंदी जास्त घेतली. मी पुढे पुष्कळ माणसांना पुष्कळ कठीण गोष्टी करताना बघितलं आहे. इतकं कठीण जेवण जेवताना कोणाला बघितलं नाही. लोकांना हे ढोंग वाटेल. परवा माझ्या सुनेला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, "काय हो आई, किती क्रूर चाली तुमच्या!" असतील. पण त्या रात्री त्या माणसाने आपलं दुःख उद्यावर ढकललं ते माझ्या बहिणीसाठी, जिला त्याने तोवर जेमतेम दोनदा बघितलं होतं. मला त्यात क्रौर्य दिसत नाही. आत जाऊन मी अक्काला सांगितलं, "मी सांगायला गेले होते. त्यांनी सांगू दिलं नाही." तिने पाण्याने हळद भिजवली आणि वाळलेल्या हातांवर पुन्हा लावली.

हेमंत पहाटे आला. मी त्याला बघितला तो उजाडल्यावर, मांडवात, चुरगळलेल्या शर्टात आणि सुजलेल्या डोळ्यांनी. एवढ्या लांबून आलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच बघत होते. आपण कुठे आहोत हे त्याला अजून पटलेलं नव्हतं. वडिलांच्या पाया पडून उठता उठता त्याने विचारलं, "आबा, मोठी माय कशी शे?" आसपास पाच-सहा जण होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फोन माझ्याकडे होता. आबांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "निजेल शे," ते म्हणाले. "तू आंग धोय. मुहूर्त जाई."

सगळं घाईघाईने झालं. देवक बसलं, नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार आली, अंतरपाट धरला गेला. नाना मांडवाच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, पण मामांच्या जीपमध्ये पहाटेच डिझेल भरून ठेवलं होतं आणि ड्रायव्हरला मांडवाबाहेर जाऊ देत नव्हते. मंगलाष्टका चालू झाल्या. मी अक्काच्या मागे कळस घेऊन उभी होते, तिचा खांदा माझ्या हाताला लागत होता. गुरुजींनी एक एक कडवं ओढून ओढून म्हटलं. मला वाटत होतं आता फोन वाजेल, कोणी तरी उचलेल, कोणी तरी किंचाळेल. शेवटचं "सावधान" झालं. वाजंत्री एकदम सुरू झाली, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला.

अक्काने हेमंतच्या गळ्यात हार घातला. हेमंतने तिच्या घातला. लोक पुढे घुसले. त्या गर्दीतून, लोकांना बाजूला सारत, सुकदेव आबा सरळ माझ्याकडे आले. त्यांच्या फेट्यावर, खांद्यांवर, मिशीत अक्षता होत्या. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी कान माझ्या तोंडाजवळ आणला.

"आते सांग, पोरी," ते म्हणाले.

मी सांगितलं. मोठी माय गेली आबा, काल दिवेलागणीला. एवढे शब्द त्यांनी नीट ऐकून घेतले, एक एक. मग त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, तोंडाशी धरला आणि "मायवं!" म्हणून असा हंबरडा फोडला की अक्काने वळून बघितलं, हेमंतने बघितलं, आणि दोघं गळ्यातल्या हारांसकट धावत आले. वाजंत्रीवाल्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ते वाजवत राहिले.